जुन्या आउटबोर्ड इंजिनाचे टायमिंग कसे लावावे

होडीच्या मागच्या फळीला अडकवायची जुनी दोन सिलिंडरची इंजिने आजही चांगली चालतात, मात्र त्यांची ठिणगी वेळेवर पडली पाहिजे. या लेखात उदाहरण म्हणून जॉन्सन कंपनीचे १० अश्वशक्तीचे 'क्यूडी' इंजिन घेतले आहे. पुढे, न्यूट्रल व मागे असा गिअर आणि वेगळी पेट्रोल टाकी घेऊन ते १९४९ साली बाजारात आले आणि १९६३ पर्यंत तयार होत राहिले. अमेरिकेत तळ्याकाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना गराज सेलमध्ये अशी इंजिने अजून सापडतात. त्याच घराण्यातल्या जॉन्सन व एव्हिनरूडच्या लहान इंजिनांनाही ही पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जुन्या मोटारींत डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढेमागे करता येते, तशी सोय येथे नाही. फ्लायव्हीलच्या (शाफ्टच्या टोकावरील जड चाकाच्या) कडेतली चुंबके कॉइलजवळून, म्हणजे तारेच्या वेटोळ्याजवळून, फिरतात, कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात वीज निर्माण होते, आणि ज्या क्षणी पॉइंट (उघडझाप करणारे विजेचे संपर्क) उघडतात त्याच क्षणी तो प्रवाह तुटून प्लगवर ठिणगी पडते. म्हणून पॉइंटची गॅप, म्हणजे ते पूर्ण उघडल्यावर मधे राहणारे अंतर, हेच या इंजिनाचे टायमिंग होय. गॅप जास्त झाली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते. गॅप कमी झाली की ती उशिरा पडते. कॅमवर (शाफ्टवरील उंचवट्याच्या भागावर) घासणारा पॉइंटचा ठोकळा झिजत जातो, गॅप आपोआप कमी होते आणि इंजिन वर्षागणिक आळसावते, त्याचे कारण हेच.

कामाला लागताना पेट्रोलची टाकी व नळी काढून दूर ठेवावी आणि दोन्ही प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. त्यानंतर वरचे झाकण व दोरीचा स्टार्टर उतरवून फ्लायव्हीलचे नट सैल करावे, पण दोन-तीन आटे तसेच राहू द्यावेत. फ्लायव्हील निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेले असते. ते काढण्यासाठी त्याच्या मधल्या भागातील तीन आटेदार छिद्रांत बोल्ट बसवणारा पुलरच (ओढून काढण्याचे हत्यार) वापरावा. कडेला पकडणारा पुलर लावला किंवा पहार घालून उचकटले, तर फ्लायव्हील वाकते आणि चुंबके सैल होतात. या एका चुकीने वाया गेलेली फ्लायव्हील मी पाहिली आहेत, म्हणून एवढे बजावून सांगतो.

आता फ्लायव्हीलखालच्या आर्मेचर प्लेटवर दोन कॉइल, दोन कंडेन्सर आणि दोन पॉइंट समोर दिसतील. त्या काळातल्या कॉइलचे आवरण बहुधा तडकलेले असते. तडा दिसला तर नवी कॉइल बसवावी, कारण तिच्यावर केलेले पुढचे सेटिंग व्यर्थ जाते. शाफ्टवरील अर्धचंद्राकृती चावी चेपलेली असेल, तर फ्लायव्हील खाचेतून सरकून सगळे गणित बिघडते, म्हणून तीही बदलावी. इंजिन फिरवताना ते नेहमी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवावे. उलटे फिरवल्यास पाण्याच्या पंपातील रबरी पाती उलटी वळण्याचा धोका असतो.

पॉइंटचा ठोकळा कॅमच्या सर्वांत उंच भागावर येईपर्यंत शाफ्ट फिरवून थांबावे. गॅप ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर हवी. पॉइंट नवे असतील तर ०.०२२ इंच ठेवावी, म्हणजे ठोकळा बसल्यावर ती योग्य मापावर येते. फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या मापपट्टीची) पाती पॉइंटच्या दोन टोकांमध्ये घातली की मिटलेल्या पुस्तकातून पान ओढावे इतकाच अडसर हाताला जाणवला पाहिजे. स्क्रू आवळताना गॅप हमखास हलते, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजावे. शेवटी पांढऱ्या कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून मिटलेल्या पॉइंटमधून ओढावी. तिच्यावर काळी रेघ उमटते; रेघ उमटणे बंद होईपर्यंत नवी पट्टी घेत राहावे. माझ्या एका इंजिनाला मोजमाप बिनचूक असूनही दोन दिवस ठिणगी येत नव्हती. फिलर गेजवरचा तेलाचा पातळ थर पॉइंटवर बसला होता, आणि या कागदानेच ती अडचण सुटली.

यानंतरची पायरी पुष्कळ जण गाळतात, पण खरे टायमिंग याच ठिकाणी तपासले जाते. दोन्ही सिलिंडरांच्या ठिणग्यांमध्ये अचूक १८० अंशांचे अंतर असले पाहिजे. पॉइंटला जोडलेल्या कॉइल व कंडेन्सरच्या तारा सोडवून, बॅटरीवर चालणाऱ्या टेस्टरचे एक टोक पॉइंटला आणि दुसरे प्लेटला लावावे. अंशांच्या खुणा असलेली पुठ्ठ्याची चकती शाफ्टवर नटने बसवावी व जवळ एक तार काटा म्हणून वाकवून ठेवावी. आर्मेचर प्लेट थ्रॉटलबरोबर फिरते, म्हणून तपासणीभर ती पूर्ण थ्रॉटलच्या टोकाशीच धरून ठेवावी. शाफ्ट सावकाश फिरवताना टेस्टरचा दिवा ज्या अंशावर विझतो, त्या अंशावर पॉइंट उघडला. दुसरा पॉइंट बरोबर १८० अंशांनंतर उघडला पाहिजे. तो उशिरा उघडत असेल तर त्याची गॅप किंचित वाढवावी. लवकर उघडत असेल तर कमी करावी. ज्या मॉडेलच्या प्लेटवर व फ्लायव्हीलवर कारखान्याच्या खुणा आहेत, तेथे उघडण्याचा क्षण त्या खुणांशीही जुळवून घ्यावा. प्रत्येक फेरीला वाचन बदलू लागले, तर प्लेट तिच्या बैठकीत झिजून डुलते आहे असे समजावे आणि ते आधी दुरुस्त करावे.

तारा पुन्हा जोडताना त्या फ्लायव्हीलला घासणार नाहीत अशा बसवाव्यात. शाफ्टचा निमुळता भाग व फ्लायव्हीलचे छिद्र कोरडे पुसावे, तेथे तेल अजिबात लावू नये, आणि नट त्या मॉडेलच्या पुस्तिकेतील टॉर्कनुसार टॉर्क पान्यानेच आवळावे. मग पेट्रोलपासून दूर, प्लगच्या दोन्ही तारांची ठिणगी सुमारे पाव इंचाचे अंतर ओलांडते का ते पाहावे.

ठिणगी आणि कार्ब्युरेटर यांचा मेळ अजून घालायचा आहे. प्लेटखालच्या कॅमपट्टीवर एक खूण असते. थ्रॉटल हळूहळू वाढवताना कार्ब्युरेटरच्या दांडीवरील चाक त्या खुणेशी टेकले की त्याच वेळी थ्रॉटलची झडप उघडू लागली पाहिजे. तसे होत नसेल तर दांडीचा स्क्रू सैल करून जुळवून घ्यावे. हे चुकले, तर टायमिंग कितीही अचूक असले तरी वेग वाढवताना इंजिन अडखळते.

प्लग बसवून इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात चालवावे. कोरडे चालवल्यास काही क्षणांत पंप जळतो. मंद वेगावर दोन्ही सिलिंडर एकसारखे वाजले, तर काम बसले. पॉइंट नवे घातले असतील, तर पहिले काही तास चालवल्यावर फ्लायव्हील पुन्हा काढून गॅप मोजावी, कारण ठोकळा कॅमवर बसताना ती थोडी कमी झालेली असते.