पशुपक्ष्यांचे तुटक, तीक्ष्ण आवाज मराठीत कसे लिहावेत

निसर्गनोंदी, मुलांच्या गोष्टी किंवा प्रवासवर्णने लिहिताना पक्ष्याच्या आवाजाचा प्रसंग आला की बहुतेकांची लेखणी 'किलबिलाट' या एकाच शब्दाकडे वळते. तो शब्द गोड असला, तरी पहाटे झाडावर अनेक लहान पक्षी एकदम बोलू लागतात त्या गलक्यापुरताच तो खरा आहे. एकट्या पक्ष्याचा एकच तुटक स्वर त्यात मावत नाही. म्हणून शब्द शोधण्यापूर्वी आवाज एकदाच आला, पुन्हापुन्हा आला, की पुष्कळ कंठांतून एकत्र आला, हे ठरवून घ्यावे.

मराठीने या तिन्हींसाठी वेगळी रूपे तयार ठेवली आहेत. चिमणीचा एक स्वर म्हणजे 'चिव', तोच लागोपाठ आला की 'चिवचिव', आणि वळचणीखाली चिमण्यांचा थवा भांडत असेल तर 'चिवचिवाट'. 'कलकल' आणि 'कलकलाट' यांचा संबंधही असाच आहे. एकदाच, क्षणात होऊन संपणाऱ्या आवाजासाठी 'कन' लागलेली क्रियाविशेषणे फार उपयोगी पडतात. अनोळखी माणूस फाटकातून आत आला की कुत्रे 'वसकन' अंगावर येते, आणि या एका शब्दात आवाज, झेप व ऐकणाऱ्याचे दचकणे हे सारे येऊन जाते. तेथे 'कुत्रा मोठ्याने भुंकला' असे लिहिणे म्हणजे हाताशी असलेला नेमका शब्द टाकून देणे होय.

त्यानंतर व्यंजनाची निवड करावी. कोरड्या, कडक आवाजाला टवर्ग आणि ककार मानवतात. टिटवीचे नावच तिच्या ओरडण्यावरून पडले आहे. जमिनीवर अंडी घालणारा हा पक्षी जवळ कोणी फिरकताच रात्री-अपरात्रीही 'टिट्-टिव्-टिव्' असा गजर करतो. तांबट पक्ष्याचा 'टुक्... टुक्... टुक्' हा आवाज तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा सारख्या अंतराने येत राहतो, म्हणून तो लिहिताना मधली टिंबे गाळू नयेत. ती गाळून 'टुकटुक' असे जोडून लिहिले की त्याची संथ लय हरवते आणि पक्षी घाईत असल्याचा भास होतो. (हा पक्षी बोलताना डोके इकडेतिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नेमका कोठून येतो हे कळायला वेळ लागतो. नोंदीत दिशा लिहिण्याची घाई करू नये.) पालीच्या 'चुकचुक'मधला च दंत्य आहे आणि चिमणीच्या 'चिवचिव'मधला तालव्य. लिपीत हा फरक दिसत नाही, पण दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहिले की जीभ दातांमागे आपटून होणारा आवाज पालीच्या किती जवळचा आहे, हे लगेच कळते. लिहिलेला प्रत्येक ध्वनिशब्द असा उच्चारून पाहावा.

स्वर तुटतो तेथे पाय मोडावा. 'चिक' आणि 'चिक्' यांत वाचणाऱ्याच्या कानाला फरक जाणवतो, आणि खार शेपूट झटकत जो आवाज काढते त्याला 'चिक्' हेच रूप शोभते.

क्रियापदाच्या बाबतीत मात्र सर्वांत जास्त काळजी हवी, कारण एकाच प्राण्याची अनेक क्रियापदे असतात आणि ती परस्परांच्या जागी चालत नाहीत. कुत्रा अनोळखी माणसावर भुंकतो, हाडकाशी कोणी आले तर गुरगुरतो, दगड बसला तर केकाटतो आणि दुखणे सरत नसेल तर विव्हळतो. पिल्लू कुईकुई करते. रात्री तोंड वर करून लांब सूर काढला तर गावाकडे कुत्रे 'रडले' असेच म्हणतात. यांपैकी तुटक आणि तीक्ष्ण म्हणावेत असे भुंकणे व केकाटणे हे दोनच. त्यातही केकाटण्यात वेदना आहे, म्हणून चेंडूमागे धावणाऱ्या आनंदी कुत्र्याला ते लावू नये. मांजर गुरगुरते तसे फिसकारतेही, घोडा खिंकाळतो आणि फुरफुरतो, गाय हंबरते, बैल डुरकतो, कोंबडा आरवतो. 'हंबरडा' हा शब्द मात्र आता माणसाच्या आक्रोशाकडेच गेला आहे, तेव्हा गोठ्याच्या वर्णनात तो जपून वापरावा.

आवाज गळ्यातून निघाला का, हेही पाहावे. राखी वटवट्या झुडपातून दचकून उडतो तेव्हा ठिणग्या उडाव्यात तसा 'चट्-चट्' आवाज होतो. तो कंठातला नसल्यामुळे तेथे 'ओरडला' हे क्रियापद चुकीचे ठरते. 'चटचट आवाज करीत उडाला' हे बरोबर. तसेच, आवाज कोणाचा आहे याचीही खात्री करावी. 'कुहू' म्हणणारा तो नर कोकीळ. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी 'किक्-किक्-किक्' असा घाईचा, टोचणारा आवाज काढते. 'कोकिळा गाते' हा कवितेतला संकेत कवितेत राहू द्यावा; निरीक्षणाच्या वहीत तो नको.

जेथे रूढ शब्दच नाही, तेथे नवा घडवण्याचा सोस न धरता साधे वर्णन करावे. ताडोबा किंवा मेळघाटात वाघाची चाहूल लागल्यावर सांबर, चितळ, भेकर आणि वानर जे इशारे देतात, त्यांना वाटाडे व पर्यटक सर्रास 'कॉल' म्हणतात. 'सांबराचा कॉल आला' हे वाक्य तेथे सर्वांना समजते आणि ते वापरण्यात काही कमीपणा नाही. पण वाचक त्या जंगलात गेलेला नसेल तर पुढे एक वाक्य जोडावे: सांबराचा आवाज एकेकटा, भरदार आणि घुमणारा असतो, चितळाचा त्याहून बारीक आणि चिरका, भेकर कुत्र्यासारखे भुंकते आणि थांबत नाही, तर वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखे ओरडते. चितळ लहानसहान कारणानेही ओरडते, म्हणून वाटाड्यांचा भरवसा सांबरावर अधिक असतो. तेव्हा आवाज कोणाचा होता, हे नोंदीत आधी लिहावे आणि ध्वनिशब्द नंतर.

एखाद्या शब्दाबद्दल शंका आल्यास मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची असली, तरी ध्वन्यनुकारी शब्दांच्या बाबतीत तो आजही फार श्रीमंत आहे आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. त्यात सापडलेला शब्द मात्र घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर वाक्यात घालून म्हणून पाहावा. त्यांनी तो सहज ओळखला तरच लेखात ठेवावा.