नाशकात कारच्या काचेला घरीच फिल्म लावायची तर

आधी आकडेमोड करा, मग फिल्म घ्या. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, आणि हे मोजमाप काच अधिक फिल्म असं होतं. कंपनीची हिरवट काच बहुधा ७५ टक्क्यांच्या आसपास असते. तिच्यावर ७०ची फिल्म लावली की ०.७५ × ०.७० म्हणजे ५२.५ टक्के उरतात, जेमतेम बसतं. ५०ची लावली तर ३७.५, म्हणजे नियमाबाहेर. पुढच्या आणि मागच्या काचेवर तर ९०ची फिल्मही ६७.५ वर आणते, म्हणून त्या दोन्ही सोडाच.

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात फिल्म लावायलाच मनाई केली होती. नंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षा काचेलाही वाव मिळाला. नियमात बसणारी फिल्म चालते, असा निकालही केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. तरी रस्त्यावरचा हवालदार २०१२ चाच निकाल पुढे करू शकतो, त्यामुळे चलनाचा धोका पूर्ण टळत नाही. आयएस २५५३ या सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा उल्लेख असलेलीच फिल्म घ्या आणि बिल गाडीत ठेवा. काळी फिल्म म्हणजे थंड गाडी, हा गैरसमज आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी द्वारका चौकात अडकल्यावर जी झळ लागते, तिच्यातला मोठा भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. ते अडवणारी नॅनो सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक असूनही काम करते. पैसे तिच्यावर खर्च करा.

हॅचबॅकच्या चार दारांना ५० सेंटीमीटर रुंदीची साधारण ४ मीटर फिल्म लागते. एखादं पान बिघडेल हे धरून ५ मीटर घ्या. काचेची उंची आधी मोजा, काही गाड्यांना रुंद रोल लागतो. शिवाय स्क्वीजी (पाणी ओढून काढायची रबरी पट्टी), प्लास्टिकचं कडक कार्ड, तुटणाऱ्या पात्यांचा कटर, काच खरवडायचं पातं, हीट गन, मायक्रोफायबर आणि स्प्रे बाटली. पाणी डिस्टिल्डच हवं, बॅटरीत घालतात तेच. बोअरच्या पाण्यातले क्षार फिल्मखाली पांढरे डाग बनून राहतात आणि ते नंतर कशानेही जात नाहीत. १ लिटर पाण्यात अर्धा चमचा बेबी शाम्पू पुरे. जास्त झाला तर गोंद नीट धरत नाही.

जागा म्हणजे बंद गॅरेज किंवा बेसमेंट पार्किंग. अंगणात, उघड्यावर नको. वेळ सकाळची, कारण तापलेल्या काचेवर पाणी क्षणात सुकतं आणि फिल्म हलवताच येत नाही. दाराच्या पॅनेलवर जाड टॉवेल पसरा, पॉवर विंडोचे स्विच प्लास्टिकने झाका.

काच आतून पात्याने ओलीच खरवडा. खालच्या रबरातली धूळ कार्डाला कापड गुंडाळून काढा. सगळ्यात जास्त कचरा तिथूनच येतो. इथे घाई केली की फिल्मखाली खडीसारखे ठिपके दिसतात.

कटिंग काचेच्या बाहेरून. बाहेरची बाजू ओली करा आणि फिल्म अशी ठेवा की सोलायचा लायनर (गोंदावरचा पातळ थर) तुमच्याकडे राहील. बाजूंना १, खाली ३ सेंटीमीटर जास्त ठेवून कापा. मग काच थोडी खाली करून वरची कड काचेच्या आकाराने कापा, २ मिलिमीटर आत ठेवून. पातं फिल्मपुरतंच चालवा, दाब हलका, आणि प्रत्येक काचेला नवं टोक. बोथट पात्याने कड फाटते. काचेच्या गोलाईमुळे कडेला फुगवटे उठले तर ते लायनर असतानाच, बाहेरूनच, हीट गन सतत फिरवत आकसवा. एका जागी थांबलात तर फिल्म वितळून चुरगळते.

आता काचेची आतली बाजू भरपूर भिजवा. लायनरच्या कोपऱ्यावर आणि फिल्मवर एकेक टेप लावून ओढला की दोन थर सुटतात. वरचा दोन तृतीयांश भाग सोला, गोंदावरही फवारा आणि फिल्म न उलटवता आत न्या. कोरडा गोंद काचेला टेकला की तिथेच चिकटतो, सुरकुती पडते, आणि ती फिल्म वाया. दुसरा माणूस सोबत असला तर हे काम खूप सोपं जातं. वरची कड बसवून मधून कडांकडे स्क्वीजी मारा, काच पूर्ण वर करा, उरलेला लायनर सोला आणि खालची कड कार्डाने रबराआड सारा. मग फिल्मचा वरचा पृष्ठभाग ओला करून पुन्हा जोर देऊन पाणी काढा. कोरड्यावर स्क्वीजी ओढली तर ओरखडे उठतात.

हवेचे बुडबुडे तेव्हाच काढा. पाण्याचे बारीक फुगे आणि धुरकटपणा दोन-चार आठवड्यांत आपोआप जातो, सुई टोचू नका. काचा हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात ५ दिवस, पावसाळ्यात १० दिवस खाली करायच्या नाहीत. लवकर केली तर खालची कड रबरात अडकून सुटते. महिनाभर आतून काच पुसणं टाळा, आणि त्यानंतरही अमोनियाचा क्लीनर नको, नुसतं ओलं मायक्रोफायबर.