इंधननळीतला बेलोज प्रवाहाने फाटू नये म्हणून

द्रवइंधन रॉकेटाची नळी थंडीने आखडते, इंजिन हललं की ओढली जाते. म्हणून तिच्यात बेलोज घालतात: लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा लवचिक तुकडा. प्रवाह प्रत्येक घडीच्या टोकावरून जाताना भोवरे सोडतो. भोवऱ्यांचा ठेका घडीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला, की पातळ पत्रा थकून तडकतो.

आधी हिशोब. घडीच्या टोकाची रुंदी नीट मोजा. भोवऱ्यांची वारंवारता म्हणजे स्ट्रोहल आकडा (भोवऱ्यांचा ठेका वेगाशी आणि रुंदीशी जोडणारा, एककाविना आकडा) गुणिले वेग भागिले रुंदी. नुसता ०.२ घेऊन थांबू नका, ०.१ ते ०.३ पट्टा धरा. वेग सेकंदाला १५ मीटर आणि रुंदी २.५ मिलिमीटर असेल, तर मधला आकडा १२०० हर्ट्झ, पट्टा ६०० ते १८००. १२०० हर्ट्झला सहा मिनिटांत ४,३२,००० आवर्तनं होतात. बेलोजच्या लगेच आधी नळीला वळण असेल तर सरासरी वेग चालत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाचा जास्तीचा वेग घ्या.

मग बेलोजची नैसर्गिक वारंवारता काढा, ती भरलेल्या नळीची. कोरडा बेलोज ठोकून मिळालेला आकडा द्रव ऑक्सिजनच्या नळीत फसवतो, कारण घड्यांत अडकलेला द्रव वजन वाढवून वारंवारता खाली आणतो. द्रव हायड्रोजन हलका, तिथे फरक कमी.

दोन्ही आकडे जवळ आले तर घडीची रुंदी किंवा नळीचा व्यास बदला, नाहीतर आतून गुळगुळीत अस्तर घाला. प्रवाह जिथून येतो ते अस्तराचं टोकच वेल्ड करा, दुसरं मोकळं ठेवा. अस्तरही निर्धोक नाही: २००२ मध्ये अमेरिकी स्पेस शटलच्या हायड्रोजन नळ्यांत अस्तराच्या खाचांपाशीच तडे सापडले. ते वेल्ड करून खाचांच्या कडा पॉलिश कराव्या लागल्या.

चाचणी निर्वातात घ्या, हे टाळू नका. ४ एप्रिल १९६८ च्या अपोलो ६ उड्डाणात जे-२ इंजिनाच्या इग्नायटरची (ठिणगीने इंजिन पेटवणाऱ्या भागाची) हायड्रोजन नळी बेलोजपाशी फाटली. जमिनीवर ती कधीच फाटली नव्हती, कारण उणे २५३ अंशांच्या नळीवर भोवतालची हवाच द्रव होऊन बेलोजवरच्या तारांच्या जाळीत साचायची आणि कंपन दाबायची. अंतराळात हवा कुठली? निर्वातात तपासलेल्या आठही नळ्या १०० सेकंदांच्या आत फाटल्या. शेवटी बेलोजच काढून टाकला आणि आकुंचन सोसण्यासाठी वळणं दिलेली सलग नळी बसवली.