चेंडूवरून आणि कुशनवरून: पूलमधील अडचणीचे ब्रिज व त्यांचे फटके

पूल म्हणजे क्यू या लांब काठीने चेंडू टेबलाच्या खिशांत घालण्याचा खेळ. तो खेळताना नेम चुकला की दोष बहुधा डोळ्यांना दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा क्यूने मारायचा पांढरा चेंडू टेबलाच्या रबरी कडेला, म्हणजे कुशनला, चिकटलेला असतो किंवा त्याच्या मागे दुसरा चेंडू आडवा आलेला असतो, आणि क्यूला आधार देणारा हात, म्हणजे ब्रिज, कसाबसा टेकवून घाईने फटका मारलेला असतो. मोकळ्या कापडावरचा उघडा (क्यू वरून मोकळा) किंवा बंद (क्यूभोवती तर्जनीचे कडे केलेला) ब्रिज सगळेच शिकतात. अडचणीचा ब्रिज मात्र वेगळा शिकावा लागतो, आणि माझा आग्रह असा की तो त्याच्या फटक्यासकटच शिकावा. कारण हाताची बैठक बदलली की क्यूचा कोन बदलतो आणि कोन बदलला की नेहमीचा लांब, मोकळा फटका तिथे चालत नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो चेंडूवरून घालायच्या ब्रिजला. तर्जनी आणि करंगळी यांची टोके आडव्या चेंडूच्या मागे कापडावर घट्ट रोवावीत, मधली दोन बोटे त्यांच्यामध्ये हलकेच टेकवावीत, मनगट उचलावे आणि अंगठा वर ताणून तर्जनीच्या मुळाशी दाबून धरावा. त्या दोघांमध्ये जी खाच तयार होते, तिच्यातून क्यू सरकतो. हाताचा भार तर्जनी आणि करंगळीवर असावा. मागे चेंडूंचा पुंजका असेल आणि चार बोटांना जागाच नसेल, तर मधली दोन बोटे तळव्याकडे मुडपून केवळ या दोन बोटांवर उभे राहता येते. सुरुवातीला हात थरथरतो, पण बोटांमधले अंतर वाढवले की बैठक पक्की होते. जिमखान्यात स्नूकर खेळून पूलकडे वळलेल्या खेळाडूने एक फरक ध्यानात ठेवावा. स्नूकरचा चेंडू 52.5 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पूलचा 57.15 मिलिमीटरचा, शिवाय पूलच्या क्यूचे टोकही अधिक जाड असते, त्यामुळे सवयीची उंची इथे थोडी अपुरी पडते.

आता या ब्रिजचा फटका. कमरेतून नेहमीइतके न वाकता थोडे ताठ उभे राहावे आणि क्यू धरणारा हात पुढे सरकवावा. एरवी ब्रिजपासून पांढऱ्या चेंडूपर्यंत वीस ते पंचवीस सेंटीमीटर अंतर ठेवत असाल, तर इथे ते शक्यतो बारा-पंधरावर आणावे आणि क्यू मागेही तेवढाच कमी खेचावा. नेम चेंडूच्या उभ्या मध्यरेषेवरच असावा, कारण क्यू तिरपा असताना टोक जरासे डावी-उजवीकडे लागले तरी पांढरा चेंडू वाटेत वळण घेतो. जोर लावल्यास तो कापडावरून किंचित उडतोही. म्हणून या फटक्यात वेग मागू नये, अचूकपणा मागावा.

सरावासाठी पट्टी असलेले दोन चेंडू घ्यावेत. एक अडथळा म्हणून ठेवावा, त्याची पट्टी टेबलाला समांतर असावी. दुसरा पांढऱ्या चेंडूच्या जागी ठेवावा आणि त्याची पट्टी उभी, नेमाच्या दिशेने वळवावी. फटक्यानंतर पुढचा चेंडू पट्टी न डगमगता सरळ घरंगळला, तर टोक मध्यरेषेवर लागले. पट्टी डुलू लागली, तर बाजूला लागले. मागच्या चेंडूची पट्टी कलली असेल, तर हाताचा, बाहीचा किंवा क्यूचा स्पर्श झाला आहे, आणि अधिकृत नियमांनुसार असा स्पर्श फाउल ठरतो. दोन्ही पट्ट्या साथ देऊ लागेपर्यंत समोर तिसरा चेंडू ठेवूच नये. बहुतेकांचा ब्रिज फटका लागण्याच्या क्षणीच उचलला जातो, म्हणून पांढरा चेंडू समोरच्या कुशनपर्यंत पोहोचेपर्यंत बोटे जागची हलू द्यायची नाहीत.

कुशनला चिकटलेल्या चेंडूची अडचण वेगळी आहे. कुशनची कड चेंडूच्या व्यासाच्या साधारण 63 टक्के उंचीवर, म्हणजे सुमारे 36 मिलिमीटरवर असते. मागून पाहता चेंडूचा वरचा जेमतेम 21 मिलिमीटर भाग दिसतो आणि क्यूचे टोकच 12–13 मिलिमीटरचे असते. बोटांची टोके रेलवर, म्हणजे कुशनमागच्या लाकडी कडेवर, ठेवून उघडा ब्रिज करावा, क्यू रेल जितका परवानगी देईल तितका आडवा ठेवावा आणि दिसणाऱ्या भागाच्या मध्यावर हलका फटका मारावा. क्यू आडवा ठेवून चेंडू मागे खेचण्याची आशा इथे सोडावी. चेंडू पुढेच जाणार, हे गृहीत धरून पुढची जागा ठरवावी. चेंडू रेलपासून वीतभर दूर असेल, तर क्यू थेट रेलवर टेकवून एका बाजूने अंगठा आणि दुसऱ्या बाजूने तर्जनी लावली की तो आडवा सरकत नाही.

मूळ फटका सरळ नसेल, तर यातले काहीच साधत नाही. रिकामी प्लास्टिकची बाटली टेबलावर आडवी ठेवावी आणि तिच्या सुमारे दोन सेंटीमीटरच्या तोंडातून क्यू कडेला न लावता आत-बाहेर करावा. नंतर पांढरा चेंडू टेबलाच्या मध्यरेषेवरून समोरच्या कुशनवर मारावा. तो परत क्यूच्या टोकाशीच यायला हवा.

एफ्रेन रेयेस (नाइन-बॉल या पूलच्या प्रकारातील 1999 चे जागतिक विजेते) आणि फ्रान्सिस्को बुस्तामांते (2010 चे विजेते) या फिलिपिनो खेळाडूंचा लांब ब्रिज आणि नेम धरताना क्यूचे टोक चेंडूच्या अगदी तळाशी नेण्याची लकब फार देखणी आहे. तिची नक्कल लगेच करू नये, कारण टोक खालून वर येताना मध्यरेषा सांभाळण्यामागे त्यांची आयुष्यभराची मेहनत आहे. त्यांची क्यूवरची सैल पकड मात्र पहिल्या दिवसापासून उचलावी.

हात पोहोचतच नसेल, तर टेबलावर चढू नये. फटक्याच्या वेळी एक पाय जमिनीवर असणे बंधनकारक आहे. क्यू पाठीमागे नेऊन मारण्यापेक्षा रेस्ट (हाताऐवजी क्यूला आधार देणारी, टोकाला खाचा असलेली काठी) घ्यावा. त्याचा दांडा एका हाताने टेबलावर दाबून धरावा, फटका मारणाऱ्या हाताचे कोपर क्यूच्या पातळीत आणावे आणि क्यू कोपरापासून, खांदा न हलवता, समोर ढकलावा.