जुन्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह जोडण्याआधीची तयारी

पेनड्राइव्ह लावण्याआधी त्या कॉम्प्युटरवर कोणती विंडोज आहे ते बघा, कारण निम्मी तयारी त्यावरच ठरते. ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की आवृत्ती दिसते. ती सर्व्हिस पॅकच्या (मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेल्या सुधारणांच्या संचाच्या) आकड्यासकट कागदावर उतरवून घ्या. एक्सपी, २००० किंवा मिलेनियम असेल तर पेनड्राइव्ह ओळखणारा ड्रायव्हर (जोडलेलं साधन विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम) आतच असतो आणि बरंचसं काम आपोआप होतं. ९८ असेल तर कसरत आहे. ९८ ला यूएसबी कळतं, त्यामुळे माउस किंवा कीबोर्ड चालून जातो, पण डेटा साठवणाऱ्या साधनांसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर तिच्यात नाही. एनटी ४ असेल तर यूएसबीच्या मागे न लागलेलंच बरं.

९८ साठी पूर्वी प्रत्येक पेनड्राइव्हसोबत त्या कंपनीची सीडी मिळायची. आताच्या पेनड्राइव्हसाठी असा ड्रायव्हर कोणी काढत नाही. ९८ सेकंड एडिशनवर मात्र ‘एनयूएसबी’ नावाचा, हौशी जाणकारांनी जुळवलेला ड्रायव्हरसंच चालतो. तो मायक्रोसॉफ्टचा अधिकृत नाही, पण बहुतेक पेनड्राइव्ह त्यावर ओळखले जातात. तुमच्या विंडोजची भाषा आणि आवृत्ती यांना जुळणाराच संच घ्या. तो टाकण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधले (जोडलेल्या साधनांच्या यादीतले) यूएसबीचे जुने, अर्धवट बसलेले ड्रायव्हर काढून टाका. ही पायरी गाळली की तिथलं पिवळं उद्गारचिन्ह हटता हटत नाही.

आता खरा पेच. ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवला, पण तो या कॉम्प्युटरवर न्यायचा कसा? पेनड्राइव्ह तर अजून चालतच नाही. म्हणून दुसरी वाट आधीच तयार ठेवा. कोरी सीडी-आर सगळ्यात भरवशाची, कारण जुने सीडी ड्राइव्ह री-रायटेबल सीडी वाचायला कुरकुरतात. फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी मावतं, तेव्हा फाइल लहान असेल तरच तिचा उपयोग. नेटवर्क कार्ड आणि केबल असेल तर उत्तमच. विंडोज ९८ ची मूळ सीडीही हाताशी ठेवा. नवीन हार्डवेअर दिसलं की विंडोज अधेमधे ती सीडी मागते आणि नाही मिळाली तर काम अर्धवट राहतं. त्या सीडीवरचा ‘विन९८’ फोल्डर आधीच हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवला तर हा त्रास कायमचा मिटतो.

एक्सपीवाल्यांनी सर्व्हिस पॅक बघावा. यूएसबी २.० ची (१.१ पेक्षा वेगवान यूएसबीची) सोय एक्सपीत सर्व्हिस पॅक १ पासून आली, २००० मध्ये सर्व्हिस पॅक ४ पासून.

पोर्टचंही बघायला हवं. पुढचे पोर्ट कित्येकदा नुसते शोभेचे असतात, कारण त्यांची वायर आत मदरबोर्डला जोडलेलीच नसते. मागचे वापरा. मागचेही मेलेले वाटले तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन यूएसबी कंट्रोलर चालू आहे का ते पाहा. तिथे चालू करूनही दर वेळी बंदच सापडत असेल आणि घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. बहुधा तो सीआर २०३२ असतो. तो आधी बदला.

पोर्ट यूएसबी १.१ चा असेल तर वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात साधारण एक एमबी. चार जीबी कॉपी व्हायला तासाहून जास्त वेळ जाईल, तेव्हा लटकलं समजून मध्येच उपटू नका. पीसीआय स्लॉट (मदरबोर्डवरची जादा कार्ड बसवायची खाच) रिकामा असेल तर त्यात यूएसबी २.० चं कार्ड बसवता येतं, फक्त त्याचा ड्रायव्हर तुमच्या विंडोजसाठी मिळतो का ते आधी तपासा. एक्स्टर्नल हार्ड डिस्कला वीज जास्त लागते. पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतो आणि जुना बोर्ड तेवढीही धड देईल असं नाही. डिस्कमधून टकटक आवाज येऊन ती बंद पडत असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेलं केस किंवा वीजजोडणी असलेला हब घ्या.

आणि आता जिथे लोकांचे फोटो जातात ती जागा. पेनड्राइव्ह कुठल्या फाइल सिस्टिमचा (फाइली मांडायच्या पद्धतीचा: फॅट३२, एनटीएफएस की एक्सफॅट) आहे ते नव्या कॉम्प्युटरवर आधीच बघून ठेवा. एनटीएफएस ९८ ला वाचता येत नाही. एक्सफॅट एक्सपीला वेगळा अपडेट टाकल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी एक्सपी सरळ म्हणते, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? ‘नो’ म्हणा. डेटा जागेवर असतो, त्या कॉम्प्युटरला तो दिसत नाही इतकंच. ‘यस’ म्हटलं तर मात्र तो खरोखर जातो. त्यापेक्षा या कामासाठी चार-आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह वेगळा काढा आणि नव्या कॉम्प्युटरवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून आणा. फॅट३२ वर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी मावत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

एक्सपीने पेनड्राइव्ह ओळखल्याचा आवाज दिला पण ‘माय कॉम्प्युटर’मध्ये काहीच नाही, असंही होतं. बहुतेकदा त्याला मिळालेलं अक्षर नेटवर्क ड्राइव्हने आधीच अडवलेलं असतं. डिस्क मॅनेजमेंट उघडून दुसरं अक्षर द्या.

एक्सपीचा सुरक्षा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि पेनड्राइव्हच्या ऑटोरनमधून (जोडताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू होण्यातून) पसरणारे व्हायरस त्या काळात फार होते. म्हणून ऑटोरन बंद करा आणि जुन्या कॉम्प्युटरवरून आलेला पेनड्राइव्ह नव्या कॉम्प्युटरवर आधी तपासा, मग उघडा.

फक्त जुना डेटा बाहेर काढायचा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की ९८ शी झटापट करू नये. हार्ड डिस्क सोडवा, आयडीई (जुन्या डिस्कची रुंद जोडणी) ते यूएसबी अडॅप्टर लावा आणि ती नव्या कॉम्प्युटरला जोडून फाइली उतरवा. डिस्कवरचा जंपर (पिनांवर बसणारी चिमुकली टोपी) ‘मास्टर’ खुणेवर आहे का ते पाहा, अडॅप्टरची वीज आधी सुरू करा. तोच जुना कॉम्प्युटर वापरात ठेवायचा असेल तर वरची सगळी तयारी करा आणि पहिल्यांदा एकच लहान फाइल कॉपी करा. पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याच्या आयकॉनवरून बाहेर घ्या, ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का ते बघा आणि मगच बाकीचे फोल्डर हलवायला घ्या.