हुमण फुटतं, बांगडा तोंडाला चरचरतो: गोव्याच्या स्वयंपाकघरातल्या या चुका टाळा

एप्रिलची दुपार होती. माझ्या धाकट्या जावेने फोंड्याच्या बाजारातून बांगडे आणले. डोळे चकचकीत, कल्ले लालबुंद, बोट दाबलं तर मांस लगेच वर येणारं. मी स्वतः पाहिले होते, मासळी उत्तमच होती. पण वाटेत एका नातेवाइकांकडे लग्नाची पत्रिका द्यायची राहिली होती, तिथे चहा झाला, गप्पा झाल्या आणि बांगड्यांची पिशवी दोन तास स्कूटरच्या डिकीत बसली. घरी आल्यावर नेहमीसारखं धुणं, कापणं, हुमण, म्हणजे मासळीची नारळाची आमटी. जेवून अर्धा तासही झाला नसेल, जावेचा चेहरा लाल झाला, मान गरम, ओठांना खाज, डोकं ठणकायला लागलं. सगळे म्हणाले, हिला बांगड्याची ॲलर्जी झाली. लहानपणापासून बांगडे खाणाऱ्या बाईला अचानक ॲलर्जी!

डॉक्टरांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला तो हा, की बांगडे बाजारातून निघाल्यापासून चुलीवर चढेपर्यंत कुठे होते. तेव्हापासून मी हा प्रश्न घरात सगळ्यांना विचारते.

डिकीतली मासळी

बांगडा, तारले, इसवण, कुप्पा या मासळीच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी उबेत राहिली की जिवाणू त्याचं हिस्टमाइन करतात, आणि ॲलर्जीत शरीर जे आतून सोडतं तेच हे रसायन आपण बाहेरून पोटात घालतो. म्हणून लक्षणं हुबेहूब ॲलर्जीसारखी दिसतात. यातली खरी मेख अशी, की एकदा तयार झालेलं हिस्टमाइन शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये ठेवूनही जात नाही. जिवाणू मरतात, हिस्टमाइन तसंच राहतं. वासही बऱ्याचदा येत नाही. तिखट नसलेला तुकडा जिभेवर मिरीसारखा चरचरला, तर तिथेच थांबायचं आणि ताट बाजूला सारायचं. श्वास घ्यायला जड जात असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

2018 च्या जुलैत मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात अशी भीती पसरली आणि गोवा सरकारने परराज्यातून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली, ते सगळ्यांना आठवतं. त्यानंतर आपण बाजारात मासळीकडे डोळे फाडून पाहायला शिकलो, ते चांगलंच झालं. पण बाजारातून घरापर्यंतच्या रस्त्याकडे मात्र कोणी पाहत नाही. मासळीवाली ‘व्हर गो बाय, ताजे आसात’ म्हणते तेव्हा ती खरंच सांगत असते. पुढचं बिघडवतो आपण.

उपाय साधा आहे. मासळी बाजारातलं शेवटचं काम ठेवा. भाजी, नारळ, किराणा आधी. घरून झाकणाचा डबा न्या आणि मासळीवालीकडूनच मूठभर बर्फ मागून घ्या, ती नाही म्हणत नाही. घरी आल्याबरोबर आतडी आणि कल्ले काढा, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते. लगेच शिजवायची नसेल तर फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा, आणि तीही त्याच दिवसापुरती. फ्रीझरमधली मासळी ओट्यावर ठेवून वितळवू नका. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवली की सकाळी आपोआप सुटते. एकदा सुटलेली पुन्हा गोठवायची नाही.

आणखी एक. बांगड्याचे तुकडे केल्यावर नळाखाली दहा दहा मिनिटं धुणं ही सवय सोडा. धुवायचं ते अख्खा मासा असताना, कापण्याआधी. नंतर धुतलं की चव पाण्याबरोबर जाते आणि हुमणाला फक्त मिरचीचा रंग उरतो.

हुमण फुटलं तर

वर तेलाचा तवंग, खाली पाणी, मध्ये खोबऱ्याचे कण. असं हुमण पाहिलं की नारळाला दोष दिला जातो. नारळाचा दोष क्वचित असतो.

नारळाच्या रसातला स्निग्धांश पाण्यात तरंगत ठेवण्याचं काम त्यातली प्रथिनं करतात. रस साधारण 80 अंशांच्या पुढे तापत गेला की ही प्रथिनं गोळा होतात, स्निग्धांश सुटा होतो, आणि आंबट घातल्यावर हे अजून लवकर घडतं. म्हणजे मोठ्या आचेवर खळखळ उकळणारं हुमण आणि त्यात सुरुवातीलाच टाकलेली सोलं (वाळवलेली कोकमं), या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते फुटणारच.

मी करते ते असं. वाटण अगदी गंधासारखं बारीक, त्यात चमचाभर भिजवलेले तांदूळ नारळाबरोबरच वाटलेले. तांदळाने रस धरून राहतो. वाटण आणि पाणी मंद आचेवर ठेवायचं, कडेने बुडबुडे यायला लागले की मासळी सोडायची. त्यानंतर डाव घालायचाच नाही. भांडं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं. बांगडा पाच-सात मिनिटांत होतो. मातीचं कुंडलं असेल तर दोन मिनिटं आधीच उतरवा, ते उतरवल्यावरही आतून शिजवत राहतं. सोलं शेवटी, आणि मीठ सोलांच्या नंतर. बऱ्याच सोलांना वाळवताना मीठ लावलेलं असतं. आधी मीठ घालून मग सोलं टाकणाऱ्यांचं हुमण खारट होतं आणि त्यांना कारण सापडत नाही.

फुटलेलं हुमण पूर्ण सुधारत नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवण्याइतकं करता येतं. मासळीचे तुकडे हलकेच ताटात काढा, रस थोडा निववा, त्यातला दोन डाव रस चमचाभर तांदळाच्या पिठाबरोबर मिक्सरमधून फिरवा आणि परत मिसळून मंद आचेवर पिठाचा कच्चेपणा जाईपर्यंत ठेवा. मगच तुकडे आत सोडा. फार आंबट झालं असेल तर पाणी ओतू नका. सोलं वेचून बाहेर काढा आणि थोडा घट्ट रस वाढवा.

तिरफळांची चूक वेगळीच. बाहेरून आलेल्या सुनांना आणि मुंबईहून सुट्टीला आलेल्या पुतण्यांना वाटतं, हा मसाल्याचा पदार्थ आहे तर वाटणातच घालावा. तिरफळ वाटायचं नाही. आतली काळी बी टाकून द्यायची, कारण ती कडू. टरफल थोड्या पाण्यात घालून बोटांनी चेचायचं आणि ते पाण्यासकट मासळी शिजत आली की घालायचं. आठ-दहा तिरफळं चार माणसांच्या हुमणाला पुरतात. बांगडा आणि तारले हीच त्यांची खरी जागा. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, हुमणात तिरफळ घातलं की सुंगटांचा गोडवाच मरतो. शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणात खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या रश्शात) मात्र ते हवंच.

सोलकढीबद्दल एवढंच सांगते. ती कधी उकळू नका, ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, आणि सकाळी केलेली संध्याकाळसाठी ओट्यावर ठेवू नका. आपल्या हवेत नारळाचा रस दुपारीच वास मारायला लागतो.

उकडा तांदूळ हा सुरय, म्हणजे साधा पांढरा, तांदूळ नव्हे

नव्या संसारात ही तक्रार हमखास येते: ‘उकड्या तांदळाचा भात आतून कचकच राहतो.’ पांढऱ्या तांदळाचं मोजमाप लावलं की असंच होणार. वाटीला दोन वाट्या पाणी उकड्या तांदळाला पुरतच नाही. अर्धा तास भिजवा, वाटीला चार-पाच वाट्या पाणी घ्या, उघड्या टोपात शिजवा आणि शीत बोटांत चेपून पाहा. मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. निथळलेलं पाणी टाकू नका, चिमूटभर मीठ घालून ते प्यायला फार चांगलं.

हा भात आमच्या आजेसासूबाई जन्मभर खात आल्या, त्यामागे निव्वळ सवय नव्हती. भाताचं तूस काढण्याआधी तो सालासकट भिजवून उकडला जातो, तेव्हा सालीजवळचं थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, दाण्याच्या आत उतरतं आणि नंतर तांदूळ कांडला तरी बरंचसं टिकतं. भूकही लवकर लागत नाही. पण इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण ती आपल्याच घरांची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेहाच्या मोठ्या पाहणीत देशात सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के. देशाचं प्रमाण 11.4 टक्के. म्हणजे इथल्या दर चार मोठ्या माणसांत एकाहून थोडी जास्त. उकडा तांदूळ चांगला, म्हणून ताटात डोंगर रचायची परवानगी कोणी दिलेली नाही.

आमच्या घरी नवऱ्याची साखर वाढली तेव्हा भात बंद केला नाही. बंद केलेला भात आठ दिवसांत चोरपावलांनी परत येतो. त्याऐवजी वाढण्याचा क्रम बदलला. आधी पालेभाजी किंवा तोणाक (रस्साभाजी), मासळीचा तुकडा, मग मोजून एक वाटी भात. पूर्वी भाताचा ढीग करून मध्ये हुमणासाठी खळगा करत होतो, आणि भाजी कडेला चमचाभर. आता भाजीला अर्धं ताट मिळतं.

नारळाचंही असंच. नारळ वाईट म्हणून तो सोडून द्यायचा सल्ला मला पटत नाही, नारळाशिवाय आपलं स्वयंपाकघर उभंच राहत नाही. पण त्यातला स्निग्धांश बहुतेक संपृक्त आहे हेही खरं. चूक होते ती एकाच जेवणात भाजीवर ओलं खोबरं, हुमणात खोबरं आणि वर नारळाच्या रसाची सोलकढी करण्यात. ज्या दिवशी हुमण, त्या दिवशी भाजी नुसत्या फोडणीची आणि सोलांचं पाणी नारळाशिवाय. मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची नारळातली उसळ) असतील त्या दिवशी मासळी फक्त भाजून. चार माणसांच्या घरात रोज अख्खा नारळ लागत असेल तर आठवडाभर मोजून पाहा, दोन दिवसांतून एकावर येता येतं.

उरलेल्या भाताचं सांगायलाच हवं. रात्रीचा टोप झाकून चुलीवर ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, ही सवय थंड हवेत कदाचित खपेल. आपल्या दमट उकाड्यात नाही. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं एक विष फोडणीच्या तापानेही जात नाही. जेवणं झाली की भात परातीत पसरून निववा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका.

तिसऱ्या, अळू, खारं

तिसऱ्यांत, म्हणजे खायच्या शिंपल्यांत, रेती येते कारण आपण त्या साध्या पाण्यात भिजवतो. गोड्या पाण्यात त्या शिंपला घट्ट मिटून बसतात किंवा मरतात. जिभेला स्पष्ट खारट लागेल असं मिठाचं पाणी करा, तीन-चार तास ठेवा, मग हातांनी वरून उचलून घ्या. चाळणीत ओतलं तर तळाची रेती पुन्हा त्यांच्याच अंगावर. कापण्याआधी उघडी दिसणारी प्रत्येक शिंपली ओट्यावर टिचकी मारून पाहा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर मेलेली, ती टाकायची. एकीच्या लोभात सगळं सुकं बिघडतं.

श्रावणातलं अळू आणि तेरं (रानातलं अळू) घसा खाजवतात ते त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. घाईत शिजवलेलं अळू हमखास खाजतं. पुरेसा वेळ शिजवा आणि आंबटासाठी घालायच्या आंबाड्यांत किंवा सोलांत कंजुषी करू नका.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, त्यामुळे पुरुमेंताचं खारं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली सुकी खारवलेली मासळी, प्रत्येक घरात असतं. पेजेबरोबर खारं, वर लोणचं, वर पापड, आणि घरात रक्तदाबाची गोळी सुरू. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळंच आलं. खारा बांगडा अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी टाका, मग भाजा, आणि त्या जेवणाला लोणचं वाढू नका. खाऱ्यावर गुलाबी-लाल डाग दिसले तर ऊन दाखवून वाचवायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या. किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) मऊ पडते ती खोबरं आणि कांदा लवकर मिसळल्यामुळे. सुकी सुंगटां कुरकुरीत भाजून वेगळी ठेवा, खोबरं-कांदा-सोलं वेगळ्या वाडग्यात, आणि भात वाढून झाला, माणसं पाटावर बसली, की मग हातानेच एकत्र करा.