घरी कूलंट आणि गिअर ऑइल बदलताना: खरं काम हवा काढण्याचं

आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), मग गिअर ऑइल. कूलंट इंजिन पूर्ण थंड असतानाच काढायचं असतं, आणि गिअर ऑइल कोमट असलं की भराभर उतरतं. म्हणून सकाळी कूलंट, मग ट्रायलची एक फेरी आणि परत आल्यावर गिअर ऑइल. हे सगळं मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिकचाच प्रकार) यांच्या ऑइलची पातळी बहुतेक वेळा ठराविक तापमानाला पाहावी लागते. ते काम जाणकाराकडे द्या.

जुनं कूलंट रेडिएटरच्या खालच्या नटातून किंवा खालचा होज (रबरी पाइप) सोडून काढा आणि मोजून ठेवा. नवं घेताना रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपनीने घातलेले रंग. प्रकार गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, साधं पाणी टाका’ हा सल्ला मला अजिबात सहन होत नाही. कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवत नाही, ते गंज रोखतं, उकळबिंदू वाढवतं. बोअरच्या पाण्यातले क्षार मात्र रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

आता हवा काढणं. याच टप्प्यावर मी सुरुवातीला फार झगडलो, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. टाकी काठोकाठ दिसते, झाकण लागतं, गाडी निघते आणि घाटात तापमानाचा काटा वर चढतो. कारण थंड इंजिनात थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) बंद असतो आणि त्याच्या मागे हवा अडकून राहते. तो साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो. तापमानाचा सेन्सर हवेच्या पोकळीत आला तर काटाही खोटं सांगतो, त्यामुळे नुसत्या काट्यावर विसंबू नका.

गाडीचं तोंड उंच करा, उतारावर किंवा रॅम्पवर. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) असेल तर तो सैल करा आणि त्यातून बुडबुड्याविना कूलंट आलं की आवळा. झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरमवर, एसी बंद. एसी चालू असेल तर फॅन त्याच्यामुळेच फिरतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. वरचा होज फडक्याने धरून दाबत राहा, बुडबुडे येतील. होज एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, तेवढं भरा. या वेळी तोंड झाकणावर नेऊ नका, कूलंट उसळतं. फॅन फिरून आपोआप बंद होईपर्यंत थांबा, मग झाकण लावा. एकदा लावलं की इंजिन थंड होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आतल्या दाबाने चेहरा भाजतो.

काम झालं का, हे तीन खुणांवरून कळतं: हीटरची हवा कडक गरम येते, डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत नाही, आणि जेवढं कूलंट निघालं जवळपास तेवढंच आत गेलेलं असतं. लिटरभर उरलं असेल तर हवा आत आहे. पुन्हा करा. हवा निघत नाही म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणारे गॅरेजवाले भेटतात. त्यांना नकार द्या. त्याने इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं.

गिअर ऑइल सोपं आहे. गाडी जॅक स्टँडवर सपाट, आधी भरण्याचा नट सोडा, तो सुटला तरच खालचा. वायसर नवे घाला. पुस्तिकेत जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) असेल तर जीएल-५ टाकू नका, त्यातल्या काही ॲडिटिव्हमुळे गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खराब होऊ शकतात. खालचा नट आवळून भरा, भरण्याच्या भोकातून ऑइल ओघळू लागलं की बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पुन्हा पाहा. जुनं कूलंट गटारात किंवा उघड्या घमेल्यात ठेवू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर चिठ्ठी लावा. ऑइल वेगळ्या कॅनमध्ये. मग दोन्ही रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या वर्कशॉपला द्या.